एक पाय जड, दुसऱ्याला चटका कळेना

मेनिन्जिओमा, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाची गाठ, म्हटलं की लोक आधी माझ्या डोक्याकडे बघतात. टाके कुठे पडले, केस कुठून कापले, असं शोधत राहतात. माझी गाठ डोक्यात नव्हतीच. ती पाठीत होती, दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांच्या मधोमध, मणक्याच्या आतल्या पोकळीत. आणि तिथे मला कधी दुखलं म्हणून नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, निदान बोट ठेवायला जागा मिळाली असती.

मी नाशिकला सिडकोत राहते, उत्तमनगरच्या बाजूला. ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. पायाच्या मशीनवर शिकले, पण आता वर्षानुवर्षं मोटर आहे. खाली पॅडल असतं, ते जेवढं दाबाल तेवढी मशीन पळते. उजवा पाय हा माझा कामाचा पाय. त्याने पहिल्यांदा दगा दिला तो असा : मला वाटायचं पाय सैल सोडलाय, आणि मशीन धावत असायची. गळ्याच्या गोलाईवर, जिथे एकेक टाका सांभाळून घालायचा, तिथे सुई सरळ पुढे निघून जायची. पाय पॅडलवर किती टेकलाय हे खाली वाकून बघितल्याशिवाय कळेना. बघितलं की सगळं व्यवस्थित. मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने मोटरचा कार्बन बदलला, तेल दिलं, पैसे घेतले. त्याच्या पायाखाली मशीन अगदी शहाण्यासारखी चालली.

मग उजव्या पायातली चप्पल निघून पडायला लागली. मला पत्ता नसायचा. मागून येणारं कोणीतरी ओरडायचं, "अहो ताई, चप्पल!"

डाव्या पायाची गोष्ट निराळीच. तो चालायला ठणठणीत, पण आंघोळीचं कढत पाणी त्याला कोमट लागे. हात घातला की चटका, पाय घातला की काही नाही. एकदा चहाचं पातेलं उतरवताना पायावर चहा सांडला. मी पुसलं आणि कामाला लागले. संध्याकाळी फोड दिसला तेव्हा समजलं की भाजलंय. म्हणजे एक पाय जड आणि दुसऱ्याला गरम कळत नाही. हे मी ज्याला सांगे तो माझ्याकडे जरा संशयानेच बघे. आमचे हे म्हणाले, "एक काय ते नक्की कर, कुठला पाय बिघडलाय?"

तिसरी तक्रार सांगताना मला अजून हसू येतं. छातीच्या खाली, ब्लाऊजची पट्टी बसते तिथे, गोल आवळल्यासारखं व्हायला लागलं. मी म्हटलं वजन वाढलं. माझ्याच ब्लाऊजांच्या टिपा उसवून सैल केल्या. तरी आवळतंय. टेप लावून माप घेतलं तर ते जुन्याइतकंच. शिवणाऱ्या बाईला माप खोटं बोलत नाही एवढं पक्कं माहीत असतं, पण मग आवळतंय कोण? फॅमिली डॉक्टरांनी गॅस म्हणून गोळ्या दिल्या. त्याआधी ईसीजी काढला, तो चांगला होता. त्यांचंही बरोबरच होतं. साठीकडे झुकलेली बाई छातीत आवळतंय म्हणाली, तर आधी हृदयच बघायला हवं.

हाडांच्या डॉक्टरांकडे गेले ती उजव्या पायासाठी. त्यांनी गुडघ्यांचा एक्स-रे काढला. झीज दिसली. या वयात कुणाची दिसत नाही? कॅल्शियम, डी-३, बी-१२ची इंजेक्शनं. बी-१२ कमी झालं की पायाची जाणीव जाते, त्यामुळे ते देण्यात चूक नव्हती. फरक पडेना तेव्हा कमरेचा एमआरआय झाला. रिपोर्टात 'एल ४-एल ५ डिस्क बल्ज', म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती फुगलेली, असं आलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. नाव मिळालं की माणूस शांत होतो. मग ट्रॅक्शन, शेक, कमरेला पट्टा. जाऊबाईंनी निर्गुडीचं तेल पाठवलं. निफाडकडच्या मावशीने वातावर कुणाचा तरी काढा सांगितला, तोही घेतला. त्यामुळे तोंड तेवढं कडू झालं.

नवरात्रात मात्र गंमत झाली. कालिकेच्या यात्रेला गेलो होतो. रांगेतून पुढे सरकत देवीसमोर आले, हात जोडले, डोळे मिटले आणि शरीर एका बाजूला कललं. परत सावरले, परत कलले. मागच्या बाईने मला धरलं आणि दुसरीला म्हणाली, "सरका, अंगात आलंय." दोघीतिघींनी नमस्कारही केला. माझ्या अंगात काही नाही, मला पाय सापडत नाहीयेत, हे सांगायला मला तोंड उघडता येईना इतकं ओशाळं झालं. पण घरी येऊन विचार केला : डोळे मिटल्यावरच का? सकाळी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की बेसिन धरावं लागतं, तेही तसंच. अंधारात जिना उतरता येत नाही, तेही तसंच.

मुलगी बी.फार्म. आहे, अंबडला औषधांच्या कंपनीत कामाला जाते. तिने हे ऐकलं आणि म्हणाली, "मम्मी, हे हाडांचं नाही. आपण न्यूरोवाल्यांकडे जाऊ."

त्या न्यूरोफिजिशियननी फाइल बाजूला ठेवली आणि आधी मला चालायला लावलं. सरळ रेषेत, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत. जमलं नाही. मग पाय जुळवून उभं राहा, डोळे मिटा. मी म्हटलं, "डॉक्टर, धरायला कोणीतरी ठेवा, मागच्या वेळी लोकांनी नमस्कार केला होता." त्यांना आधी कळेना, सांगितल्यावर ते मोकळं हसले, पण लिहून घेतलं.

मग टेबलावर झोपवून हातोडी. डाव्या गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय जरासा हलला, उजव्याला ठोकलं तर तो ताडकन उडाला. मला वाटलं, बरं झालं, ताकद आहे म्हणायची. त्यांचा चेहरा मात्र तसं सांगत नव्हता. हातोडीच्या दांड्याने तळवा खालून वर घासला. डाव्या पायाची बोटं आत वळली, उजव्याचा अंगठा वर गेला. तान्ह्या बाळाचा जातो तसा, आणि मोठ्या माणसाचा जाऊ नये, एवढं त्यांनी तिथेच सांगितलं. मग घोट्याच्या हाडावर कंप पावणारा चिमटा टेकवला. डावीकडे गुणगुणणं कळलं, उजवीकडे नुसतं थंड लोखंड. शेवटी टाचणी. पायापासून वर टोचत आले, "बोचलं की सांगा." डावीकडे मांडीपर्यंत नुसता स्पर्श, पोटावर नुसता स्पर्श, बेंबीच्या वर गेले तरी नुसता स्पर्श. छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाच्या थोडं खाली एकदम बोचलं. त्यांनी तिथे पेनाने रेघ ओढली. मी खाली बघितलं तर ती रेघ माझ्या ब्लाऊजच्या पट्टीच्या जवळच होती.

"लघवीला घाई होते का?" त्यांनी विचारलं. हे मला आधी कोणी विचारलं नव्हतं आणि आपण होऊन कोण सांगतं? होत होती. संडासला पोचेपर्यंत धीर धरवत नव्हता. मी ते वयावर घातलं होतं.

मग त्यांनी कमरेची एमआरआयची फिल्म दिव्यासमोर धरली आणि जे समजावलं ते मी नंतर कितीतरी बायकांना सांगितलं आहे. मज्जारज्जू मेंदूतून निघून मणक्यांच्या पोकळीतून खाली येतो, पण तो पार माकडहाडापर्यंत जात नाही. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्याच्या खाली असतो तो नसांचा जुडगा. म्हणजे एल ४-एल ५ला, जिथे माझी चकती फुगलेली होती, तिथे मज्जारज्जू नाहीच. तिथे नस दबली तर पाय ढिला पडेल, हातोडीला प्रतिसाद कमी येईल. पाय ताडकन उडतोय, अंगठा वर जातोय, याचा अर्थ दाब मज्जारज्जूवरच आहे आणि तो वर कुठेतरी. "हा फोटो इथून सुरू होतो," ते फिल्मच्या वरच्या कडेवर बोट ठेवून म्हणाले, "आणि मावशी, तुमचा आजार याच्या वर आहे."

दोन पायांचं कोडंही त्यांनीच सोडवलं. पाय कुठे आहे, किती दाबलाय, ही खबर ज्या तंतूंतून जाते ते मज्जारज्जूत त्याच बाजूने वर चढतात आणि मेंदूच्या बुंध्याशी पोचल्यावर बाजू बदलतात. दुखणं, गरम-थंड यांची खबर नेणारे तंतू मात्र मज्जारज्जूत शिरल्यावर लगेचच पलीकडे जातात. उजव्या बाजूने काही दाबत असेल तर उजव्या पायाची ताकद आणि ठावठिकाणा जाणार, आणि डाव्या पायाचा चटका. ब्राउन-सेकार नावाच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात हे मांडून ठेवलंय. आमच्या ह्यांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं : दोन्ही पाय बिघडले होते, वेगवेगळ्या प्रकारे, एकाच ठिकाणामुळे.

मुंबई नाक्याजवळच्या सेंटरवर पुन्हा एमआरआय झाला, या वेळी छातीच्या मणक्यांचा, गाठ उठून दिसावी म्हणून गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन. त्याआधी क्रिएटिनिन बघतात, किडनी ठीक आहे ना म्हणून. पडद्यावर जे दिसलं ते मुलीने फोनमध्ये टिपून ठेवलंय. डी ४-डी ५ पाशी, म्हणजे छातीच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांपाशी, लांबट गोल, पांढरी शुभ्र गाठ. पोकळीच्या उजव्या बाजूला ऐसपैस बसलेली, आणि मज्जारज्जू डाव्या भिंतीशी दाबून पार पातळ झालेला. गाठीच्या बुडाशी आवरणावरून एक पांढरी शेपटी खाली गेली होती. मेनिन्जिओमात अशी शेपटी बऱ्याचदा दिसते, म्हणून रिपोर्टातच तसा अंदाज लिहिलेला होता.

मुलीची शंका, डी ४-डी ५ ला गाठ आणि रेघ त्याच्या इतकी खाली कशी? त्याचंही उत्तर होतं. मज्जारज्जू मणक्यांच्या रांगेपेक्षा आखूड असल्यामुळे त्याचे भाग त्याच आकड्याच्या मणक्यापेक्षा वर असतात. चौथ्या मणक्यामागे असतो तो साधारण सहावा भाग, आणि सहाव्याचा पट्टा बरोबर छातीच्या हाडाच्या टोकाशी.

घरी आल्यावर पहिला प्रश्न अर्थातच कॅन्सरचा. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती तीन आवरणं असतात, त्यांतल्या मधल्या आवरणाच्या पेशींपासून ही गाठ होते. मेंदूच्या आत ती उगवत नाही, बाहेरून दाबते. हेच आवरण खाली पाठीत उतरतं, म्हणून ती पाठीतही होऊ शकते. हार्वे कुशिंग या अमेरिकन सर्जननी १९२२ साली तिला मेनिन्जिओमा हे नाव दिलं. बहुतेक गाठी ग्रेड १च्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या, सावकाश वाढणाऱ्या. थोड्या ग्रेड २च्या, त्या काढल्या तरी परत येण्याची शक्यता जास्त. ग्रेड ३च्या अगदी मोजक्या. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतात, आणि पाठीतल्या तर त्याहून जास्त बायकांतच, छातीच्या मणक्यांत, पन्नाशी-साठीत. म्हणजे मी सगळ्या रकान्यांत बसत होते, फक्त मला गुडघ्याच्या रकान्यात टाकलं होतं.

न्यूरोसर्जननी हार्मोन्सची चौकशी केली. इंजेक्शन घेत होतात का, पाळी बंद झाल्यावर गोळ्या घेतल्या का. फ्रान्समधला एक मोठा अभ्यास २०२४ साली आला. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं गर्भनिरोधक इंजेक्शन वर्षभर किंवा जास्त घेतलेल्या बायकांत, ऑपरेशन करावं लागेल अशा मेनिन्जिओमाचा धोका ५.६ पट दिसला. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात 'अंतरा' म्हणून देतात ते हेच. मुलीने लगेच सांगितलं की मूळ धोकाच इतका लहान आहे की साडेपाच पट होऊनही तो लहानच राहतो, कुणी घाबरून काही बंद करू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावं. मी ते इंजेक्शन कधी घेतलं नव्हतं. सणावाराला, सत्यनारायणाला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मात्र आमच्या पिढीतल्या सगळ्याच बायकांनी घेतल्यात. तेही मी विचारलं. अधूनमधून चार दिवस घेतलेल्या गोळ्यांवर खापर फोडण्यासारखं काही नाही, असं ते म्हणाले. सासूबाईंना हे उत्तर आवडलं.

गोळ्यांनी विरघळत नाही का? नाही. ऑपरेशन सोडलं तर बाकीचे मार्ग दोनच : गाठ लहान असेल आणि त्रास देत नसेल तर दरवर्षी एमआरआय करून नुसतं लक्ष ठेवायचं, किंवा किरणं द्यायची. माझ्या बाबतीत मज्जारज्जू दबलेला, पाय निकामी होत चाललेला, त्यामुळे थांबण्यात अर्थ नव्हता. आमचं केशरी रेशनकार्ड आहे. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन बसलं. आरोग्यमित्राच्या खिडकीवर मंजुरी येईपर्यंत ह्यांनी रोज हजेरी लावली. त्याआधीचे एमआरआय मात्र पदरचेच.

सही घेताना सर्जननी काही लपवलं नाही. पाय आत्ता आहे त्यापेक्षा वाईट होऊ शकतो, कायमचा जाऊ शकतो. आवरण शिवल्यावरही मज्जारज्जूभोवतीचं पाणी झिरपू शकतं. जंतुसंसर्ग होऊ शकतो. ह्यांचा हात थांबला. मी म्हटलं, "करा सही, नाहीतरी पाय चाललाच आहे." मला एकच विचारायचं होतं, पाठीत इतके सारखे मणके, त्यातला नेमका चौथा-पाचवा आत गेल्यावर ओळखणार कसा? सर्जन म्हणाले, प्रश्न चांगला आहे. छातीच्या मणक्यांत जागा चुकण्याची भीती खरीच असते. म्हणून थिएटरमध्ये पालथं झोपवल्यावर सी-आर्मच्या एक्स-रेवर मणके मोजतात, मोजून खूण करतात, आणि हाड काढण्याआधी परत मोजतात. कात्री लावण्याआधी दोनदा माप घ्यायचं, हे मला पटलं.

आत काय झालं ते नंतर कळलं ते असं. मणक्यांच्या मागच्या कमानी काढल्या, आवरणाला चीर दिली, सूक्ष्मदर्शकाखाली गाठ आतून पोखरून तुकड्यातुकड्यांनी काढली. अख्खी ओढली तर मज्जारज्जूवर ताण येतो. हातापायांच्या नसांतून संदेश नीट जातायत ना हे मशीनवर सारखं बघत होते. गाठ जिथे चिकटली होती ती आवरणाची जागा जाळली आणि आवरण शिवून घेतलं. डिस्चार्ज कार्डवर 'सिम्पसन ग्रेड २' असं आहे. १९५७ साली सिम्पसन नावाच्या सर्जननी गाठ किती मुळापासून निघाली याच्या पाच पायऱ्या लावल्या, त्यांतली ही दुसरी. पहिलीत चिकटलेलं आवरणही कापून टाकतात. पाठीत ते कापून नवीन ठिगळ लावलं तर पाणी झिरपण्याची भीती वाढते, म्हणून अनेक सर्जन जाळण्यावर भागवतात.

शुद्धीवर आल्यावर आयसीयूतली सिस्टर सारखी पायाशी येऊन म्हणायची, "मावशी, बोटं हलवा." हलत होती. डावी चांगली, उजवी जरा उशिरा. पाणी झिरपू नये म्हणून सपाट झोपून राहायचं, कुशीवर वळवताना दोघी-तिघी मिळून ओंडक्यासारखं एकदम वळवत. लघवीची नळी निघाली त्या दिवशी मला पाय हलण्याच्या दिवसापेक्षा जास्त आनंद झाला. स्टेरॉइडमुळे साखर चढली होती, ती हळूहळू उतरली.

वॉर्डमध्ये माझ्या शेजारच्या कॉटवर येवल्याची बाई होती, पैठणी विणणारी. तिचाही मेनिन्जिओमाच, पण डोळ्याच्या नसेवर. तिला सुरुवातीला कमी दिसत नव्हतं. तिला मागावर बसल्यावर उजव्या डोळ्याने लाल रेशीम फिकं, विटलेलं दिसायचं. डावा डोळा झाकला की लाल विटकं, उजवा झाकला की लाल लाल. चष्म्याचा नंबर बदलून झाला, मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणून झालं. नस दबली की रंग आधी उतरतात, त्यातही लाल, हे तिला तिच्या डोळ्यांच्या दुसऱ्या डॉक्टरनी सांगितलं आणि तडक एमआरआयला पाठवलं. तिच्या गाठीचा नसेला चिकटलेला पातळ थर सर्जननी मुद्दाम ठेवला होता. खरवडायला गेलो तर नजर जाईल, वाढलाच तर पुढे किरणं देऊ, असा हिशेब. आम्ही दोघी रात्री झोप लागेना तेव्हा काठ, पदर आणि अस्तर यांवर बोलायचो. तिने मला सांगितलं की माझे ब्लाऊज पैठणीवर शोभतील की नाही ते ती बघून ठरवेल.

बाहेर बाकावर सिन्नरच्या एक बाई बसलेल्या असत, त्यांचे मिस्टर आत. मिस्टरांचा वास गेला होता करोनाच्या काळात. सगळ्यांचाच जात होता, तेव्हा कोण लक्ष देणार? बाकीच्यांचा परत आला, त्यांचा नाही. मग हळूहळू माणूस बदलला. हिशेबाला पक्का असलेला गृहस्थ बिलं भरेना, पाहुण्यांसमोर काहीही बोलायला लागला, एकदा तर अंगणातच लघवीला उभा राहिला. घरच्यांनी वेड म्हटलं, शेजाऱ्यांनी दारू म्हटलं. गॅस गळत होता तो त्यांना कळला नाही, भिंतीपलीकडच्या शेजारणीला कळला, तेव्हा कुठे मुलाने दोन्ही गोष्टी एकत्र डॉक्टरांना सांगितल्या. नाकाच्या वर, कपाळामागे गाठ होती, भलीमोठी. तिथे जागा मोकळी असल्यामुळे ती बोभाटा न करता वाढते. ऑपरेशननंतर त्या बाई म्हणाल्या, "वास काही येणार नाही म्हणतात आता. पण काल त्यांनी विचारलं, लाइट बिल भरलं का? मला रडू आलं."

बायोप्सी आली ती सॅमोमेटस मेनिन्जिओमा, डब्ल्यूएचओ ग्रेड १. पाठीत हा प्रकार बऱ्याचदा सापडतो, त्यात सूक्ष्मदर्शकाखाली कॅल्शियमचे गोल गोल कण दिसतात. रिपोर्ट आणला त्या दिवशी ह्यांनी जिलबी आणली, पण आणण्याचं कारण कुणाला सांगितलं नाही. ग्रेड हा शब्द शेजारीपाजारी कळतच नाही, 'गाठ होती' एवढंच ऐकून लोक आवाज खाली आणतात.

चालणं परत शिकण्याचं मी फार सांगत नाही, ते कंटाळवाणं आहे आणि सगळ्यांचं सारखंच असतं. वॉकर, मग काठी, मग भिंत. फिजिओथेरपीवाली मुलगी फरशीवर चिकटपट्टीची रेघ मारून त्यावर चालवायची, आधी बघत, मग न बघता. छातीभोवतीचं आवळणं जवळजवळ गेलं. लघवीची घाई गेली. डाव्या पायाचा चटका अर्धामुर्धा परत आलाय. आंघोळीच्या पाण्यात अजून आधी हातच घालते, कारण त्या पायावर विश्वास ठेवायचा नाही असं सक्त सांगितलंय. उजवा पाय दमल्यावर ओढला जातो. ज्या नसा इतके दिवस दबून होत्या त्या वर्षभर, कधी त्याहून जास्तही सुधारत राहतात, मग जे उरेल ते उरेल. मशीनचं पॅडल मुलीने बदललं, जरा कडक स्प्रिंगचं आणलं, म्हणजे दाबलेलं कळतं. लग्नाच्या हंगामात दुपारी पाय वर घेऊन पडावं लागतं, एवढीच सवलत.

कमरेची चकती अजूनही फुगलेलीच आहे बरं का. तिने मला कधीच त्रास दिला नव्हता, आताही देत नाही.

कधीकधी अशा गाठी एकाहून जास्त असतात, क्वचित घराण्यातही येतात. म्हणून सर्जननी एकदा मेंदूचाही एमआरआय करून घ्यायला लावला. तो अगदी स्वच्छ आला. ह्यांनी रिपोर्ट मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "तीस वर्षं मी सांगतोय, हिच्या डोक्यात काही नाही, आज लेखी मिळालं." मुलगी अजून त्यांच्याशी भांडते त्यावरून. पाठीचा पुढचा एमआरआय दिवाळीनंतर आहे, पुन्हा इंजेक्शन देऊन, छातीच्या मणक्यांचाच. तो चांगला आला तर मधलं अंतर वाढवू असं म्हणालेत. पैसे मी भिशीतून बाजूला काढून ठेवलेत.